रोज एक मेणबत्ती

डिसेंबर लागला की बाजारात कागदी चांदण्या लटकायला लागतात. प्लास्टिकची हिरवी झाडं, लाल टोप्या, केकच्या पाट्या... आता तर तालुक्याच्या गावातल्या दुकानांतही हे सगळं मिळतं. नाताळ म्हणजे पंचवीस डिसेंबर, एवढं आपल्याला ठाऊक असतं. पण त्याआधीचे चार आठवडे ख्रिस्ती घरांत कसे जातात, हे अगदी भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या शेजारणीलाही पुष्कळदा माहीत नसतं.

या दिवसांना इंग्रजीत अ‍ॅडव्हेंट म्हणतात. आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळींचा शब्द आहे आगमनकाळ. नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी तो सुरू होतो आणि चोवीस डिसेंबरला संपतो. येशूच्या जन्माची वाट पाहण्याचे हे दिवस. आपण श्रावणात किंवा चातुर्मासात एखादा नेम धरतो ना, तसंच काहीसं. जरा जास्त प्रार्थना, जरा कमी मिरवणं, कोणाशी अबोला असेल तर तो सोडून देणं, गरजवंताच्या घरी काही पोचवणं. स्वयंपाकघरात करंज्या-केकची गडबड चालू असते ती असतेच, पण मनाची तयारी शांतपणे व्हावी अशी अपेक्षा.

या दिवसांत वसईत, मुंबईत, पुण्यात एखाद्या चर्चमध्ये गेलात तर वेदीच्या बाजूला हिरव्या फांद्यांचं एक गोल कडं दिसेल. त्यात चार मेणबत्त्या. पहिल्या रविवारी एक लावायची, दुसऱ्या रविवारी दोन, असं करत चौथ्या रविवारी चारही. ते पाहून कोणालाही वाटेल, ही अगदी बेथलेहेमच्या काळापासून चालत आलेली रीत असणार. पण नाही हो! तिला अजून दोनशे वर्षंही झालेली नाहीत. ती सुरू झाली जर्मनीतल्या हॅम्बर्ग शहराबाहेर, घरदार नसल्यासारख्या मुलांच्या एका आश्रमात. सुरू करणाऱ्या माणसाचं नाव योहान हिनरिख विखर्न. जर्मनीत त्यांच्या नावाचे रस्ते आहेत, शाळा आहेत. आपल्याकडे मात्र त्यांची मेणबत्ती पोचली, नाव पोचलं नाही.

२१ एप्रिल १८०८ रोजी विखर्न यांचा हॅम्बर्गमध्ये जन्म झाला. तेव्हा शहर नेपोलियनच्या फौजांच्या ताब्यात होतं. बंदराचं, व्यापाराचं शहर, पण व्यापार बसला होता. १८१३ च्या हिवाळ्यात शहराला वेढा पडणार म्हटल्यावर फ्रेंच सेनापतीनं हुकूम काढला, की ज्यांच्या घरी महिनोन् महिने पुरेल एवढा शिधा नाही त्यांनी शहर सोडावं. ज्यांच्याकडे शिधा नाही ती माणसं कोण? गरीबच! ऐन नाताळात हजारो बायाबापड्या, म्हातारे, पोरंबाळं वेशीबाहेर काढली गेली आणि थंडीनं, तापानं कितीतरी माणसं मेली. छोटा हिनरिख तेव्हा पाच वर्षांचा होता. त्या शहरात वाढणाऱ्या प्रत्येक मुलाच्या कानावर त्या नाताळच्या गोष्टी आल्या असणारच.

वडील कष्टातून वर आलेले. स्वतःच भाषा शिकून दस्तऐवजांचं आणि भाषांतराचं काम करणारे. पण १८२३ मध्ये ते वारले. हिनरिख पंधरा वर्षांचा आणि त्याच्या पाठीवर सहा भावंडं. आई कॅरोलिन एकटी. मग काय, थोरल्यानं शिकवण्या धरल्या. पियानो शिकवायचा, लहान मुलांचा अभ्यास घ्यायचा आणि मिळतील ते पैसे आईच्या हातात द्यायचे. घरातल्या थोरल्या मुलावर असा संसार पडलेला आपल्यापैकी बहुतेकींनी आपल्या नात्यागोत्यात पाहिला असेल. त्यात मुलाचं बालपण संपतं, आणि पुष्कळदा शिक्षणही. विखर्न यांचं शिक्षण संपलं नाही, कारण काही जाणत्या, सधन माणसांनी मदतीचा हात दिला. ग्योटिंगेन आणि बर्लिनच्या विद्यापीठांत ते धर्मशास्त्र शिकले आणि १८३१ मध्ये हॅम्बर्गला परत आले.

परत आल्यावर त्यांना चर्चची चांगली नेमणूक मिळाली असती तर कदाचित एक बरे धर्मोपदेशक म्हणून त्यांचं आयुष्य गेलं असतं. पण जागा रिकामी नव्हती आणि हाती आलं ते काम वेगळंच होतं. शहराच्या सांक्ट गेओर्ग या गरीब वस्तीत राउटेनबेर्ग नावाचे एक धर्मगुरू रविवारची शाळा चालवत होते. आठवडाभर कामाला जुंपलेली मुलं रविवारी तिथे येत आणि अक्षरं, बायबल शिकत. विखर्न तिथे शिक्षक झाले. पण त्यांनी एक गोष्ट केली, जी आपल्यासारख्या काम करणाऱ्या बायकांना लगेच कळेल. मूल शाळेत आलं नाही की ते त्याच्या घरी जात.

घरी म्हणजे कुठे? हॅम्बर्गच्या जुन्या भागात इतक्या अरुंद गल्ल्या होत्या की दोन्ही हात पसरले तर भिंतींना लागावेत. एकेका खोलीत अख्खं कुटुंब, कधी दोन कुटुंबं. अंथरायला गवत. चूल थंड. बाप दारूत, आई मोलमजुरीला, मुलं भीक मागत नाहीतर चोऱ्या करत फिरायची. विखर्न हे सगळं वहीत लिहून ठेवत. कोणत्या गल्लीत, कोणत्या मजल्यावर, घरात किती माणसं, काय खातात. दया येऊन दोन नाणी देणं सोपं असतं. पण वही घेऊन बसणं आणि पुन्हा त्याच दारात जाणं कठीण.

याच सुमाराला हॅम्बर्गमध्ये एक बाईही हेच करत होती, तिचं नाव सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. अमाली सीव्हेकिंग. १८३१ मध्ये शहरात पटकीची साथ आली तेव्हा ही चांगल्या घरातली, लग्न न केलेली बाई आपणहून पटकीच्या दवाखान्यात शुश्रूषेला गेली. घरंदाज बायकांनी असं काही करायची रीत नव्हती, त्यामुळे नावं ठेवणारे पुष्कळ निघाले. तिनं पुढच्याच वर्षी बायकांचं मंडळ काढलं. मंडळातल्या बायका गरीब आजाऱ्यांच्या घरी स्वतः जायच्या. याच सीव्हेकिंग घराण्यातले कार्ल सीव्हेकिंग हे शहराच्या कारभारातले मोठे अधिकारी. विखर्न यांच्या मनात मुलांसाठी आश्रम काढायचं घोळत होतं, तेव्हा कार्ल सीव्हेकिंग यांनी शहराबाहेर हॉर्न या खेड्यातली आपली एक जागा देऊ केली. गवताने शाकारलेलं एक जुनं बुटकं घर, थोडी जमीन, बाहेर चेस्टनटचं मोठं झाड. लोक त्या घराला राउहेस हाऊस म्हणत. शब्दशः अर्थ घ्यायचा तर खडबडीत घर. पण ते मूळचं रूगे नावाच्या मालकाचं घर होतं आणि बोलण्यात त्याचा अपभ्रंश झाला, असं सांगतात. आपल्याकडे वाड्यांची नावं अशीच बदलत जातात!

१८३३ च्या शरदात विखर्न तिथे राहायला गेले. वय पंचवीस. सोबत कोण? आई आणि बहीण. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. संस्थांच्या इतिहासात संस्थापकाचा फोटो भिंतीवर असतो, पण पहिल्या दिवशी चूल कोणी पेटवली ते कुठे लिहिलेलं नसतं. इथे ते ठाऊक आहे. दहा वर्षांपूर्वी विधवा झालेली, सात मुलं वाढवलेली कॅरोलिन विखर्न या नव्या मुलांची आई व्हायला निघाली होती. ८ नोव्हेंबरला पहिली तीन मुलं आली. वर्ष संपेपर्यंत डझनभर झाली.

ही मुलं गरीब होती, पण बिचारी म्हणावीत अशी नव्हती. चोऱ्या केलेली, पोलिसांनी पकडलेली, खोटं बोलण्यात तरबेज, कोणावर विश्वास न ठेवणारी. अशा मुलांना तेव्हा कोंडून ठेवत. उंच भिंती, कुलपं, छड्या. विखर्न यांनी आश्रमाला भिंतच घातली नाही. दाराला कुलूप नाही. नवीन मूल आलं की त्याला सांगितलं जाई, की मागचं सगळं माफ झालं आहे, तू काय केलंस ते इथे कोणी तुला विचारणार नाही आणि कोणी उगाळणारही नाही. काही मुलं पळूनही गेली. त्यांना शोधून परत आणलं, पण भिंत मात्र उभी राहिली नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे घर. मोठ्या दालनात ओळीनं खाटा टाकून शंभर मुलं झोपवायची ही पद्धत त्यांना मान्य नव्हती. दहा-बारा मुलांचं एक कुटुंब, त्यांचं वेगळं घरकुल, त्यात त्यांच्यासोबत राहणारा एक तरुण 'भाऊ'. घरकुलं बांधायलाही मुलांनी हात लावला. पुढे मुलींसाठीही सोय झाली. शेती, शिवणकाम, चांभारकाम, सुतारकाम, नंतर छापखाना. सकाळ-संध्याकाळ प्रार्थना आणि गाणं. गाणं तर फारच! त्यांच्या आधी वायमारमध्ये योहानेस फाल्क या लेखकानं असंच काम केलं होतं. त्याची स्वतःची चार मुलं १८१३ च्या तापाच्या साथीत गेली आणि त्यानंतर त्यानं रस्त्यावरची अनाथ मुलं घरात घेतली. जर्मनीत आजही घरोघरी गायलं जाणारं नाताळचं एक गाणं त्याच्या त्या मुलांसाठीच लिहिलेलं आहे. विखर्न यांच्यासमोर ही वाट होती.

१८३५ मध्ये त्यांनी आमांडा ब्योमे हिच्याशी लग्न केलं. तीही त्याच रविवारच्या शाळेत शिकवायची. म्हणजे तिला माहीत होतं आपण कुठे चाललो आहोत ते. तरीही विचार करा, नवी नवरी, सासू त्याच घरात, स्वतःची मुलं एकामागून एक झालेली, आणि शिवाय आश्रमाची ही मुलं. नवरा पुढे पुढे तर कायम गावोगावी. त्या दोघांची पत्रं भरपूर आहेत, कारण भेटी कमी! आश्रम चालला तो विखर्न यांच्या भाषणांवर चालला तेवढाच आमांडाच्या कोठीघरावरही चालला, असं माझं तरी मत आहे.

आता त्या मेणबत्त्यांकडे येते.

आगमनकाळ आला की आश्रमातली मुलं रोज विचारायची, नाताळला अजून किती दिवस? आपली मुलं गणपतीच्या आधी विचारतात तसंच. पण या मुलांच्या विचारण्यात आणखी काहीतरी होतं. कामानिमित्त मी बालगृहांत जाते. तिथे सणाच्या आधीचे दिवस सणापेक्षा अवघड असतात. घरच्यांची वाट पाहायची सवय लागलेली असते आणि कोणी येत नाही हेही माहीत झालेलं असतं. मग मुलं चिडतात, भांडतात, एखादं जेवत नाही. ज्यानं आयुष्यात वाट पाहून फक्त निराशाच घेतली त्या मुलाला, वाट पाहणं ही चांगली गोष्ट आहे हे शिकवायचं कसं? नुसतं सांगून भागत नाही. बायबलमधली आगमनाची वचनं वाचून दाखवली तरी ती कानावरून जातात.

विखर्न यांनी ते डोळ्यांना दिसेल असं केलं. आगमनकाळातल्या रोजच्या प्रार्थनेला मेणबत्त्या लावायला त्यांनी आधीच सुरुवात केली होती. १८३९ मध्ये त्यांनी गाडीचं एक जुनं लाकडी चाक घेतलं आणि त्यावर मेणबत्त्या बसवल्या. चार मोठ्या पांढऱ्या, रविवारच्या. वीस लहान तांबड्या, बाकीच्या दिवसांच्या. त्या वर्षी डिसेंबरची पहिली तारीख रविवारीच आली होती, म्हणून नेमके चोवीस दिवस. प्रार्थनेच्या दालनात ते चाक टांगलं. रोज सगळी मुलं जमायची, गाणं व्हायचं, येणाऱ्या तारणाऱ्याविषयीचं एखादं वचन वाचलं जायचं आणि एक नवी मेणबत्ती लागायची. कालच्या होत्याच, त्यात आजची एक. हॅम्बर्गचा डिसेंबर म्हणजे दुपारी चारला अंधार. बाहेर अंधार दिवसेंदिवस वाढतोय आणि आत उजेड दिवसेंदिवस वाढतोय, हे पाच वर्षांच्या पोरालाही कळतं. शिवाय किती दिवस राहिले ते न विचारताही समजतं, न लागलेल्या मेणबत्त्या मोजल्या की झालं. आकडे मोजायला शिकण्याचाही तो एक मार्ग झाला, असं सांगतात.

मला यात आवडतं ते हे, की मुलांना रोज काही मिळत नव्हतं. आजच्यासारखी रोज एक खिडकी उघडून चॉकलेट खायची, तसं नाही. (ती कागदी कॅलेंडरंही जर्मनीतलीच, पण ती छापून बाजारात आली पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला.) इथे रोज फक्त शांत बसायचं, गायचं आणि एक ज्योत पाहायची. चोऱ्यामाऱ्या करून आलेली, जागेवर बूड न टेकणारी पोरं चोवीस दिवस अशी बसत. दिलेला शब्द रोज थोडा थोडा पाळला जातो आहे हे ती पाहत होती. उद्या पुढची मेणबत्ती लागणार म्हटलं होतं, आणि लागली. त्या मुलांच्या दृष्टीनं ही साधी गोष्ट नव्हती.

पुढे विखर्न यांचं नाव मोठं झालं. १८४२ मध्ये आगीनं हॅम्बर्गचा मोठा भाग जळाला. १८४८ च्या सुरुवातीला वरच्या सायलेशियात उपासमार आणि तापाची साथ होती, तेव्हा ते आपल्या 'भावां'ना घेऊन मदतीला गेले. त्याच वर्षी सप्टेंबरात व्हिटनबेर्गला चर्चची परिषद भरली. तिथे त्यांनी न थांबता केलेलं लांबलचक भाषण गाजलं. मुद्दा असा, की चर्चनं परदेशात धर्मप्रसारक पाठवायचे आणि आपल्याच शहरातल्या गल्ल्यांकडे पाठ फिरवायची, हे चालणार नाही. प्रेमानं केलेली सेवाही श्रद्धेइतकीच चर्चची गोष्ट आहे. त्यातून जर्मनीभर दवाखाने, अनाथाश्रम, वसतिगृहं चालवणारी मोठी चळवळ उभी राहिली. तिचं काम वेगळ्या नावानं आजही चालू आहे. १८५८ मध्ये बर्लिनला त्यांनी योहानेसश्टिफ्ट ही दुसरी संस्था काढली.

सगळंच मात्र आपल्याला पटेल असं नाही. गरिबीचं मूळ श्रद्धा सुटण्यात आहे, यावर त्यांचा फार भर. कारखानदार किती मजुरी देतो, कामगाराला हक्क आहेत की नाहीत, हे प्रश्न त्यांनी तितक्या नेटानं विचारले नाहीत. १८४८ च्या क्रांतीकडेही त्यांनी संशयानंच पाहिलं. पुढे प्रशियाच्या राजानं त्यांना तुरुंगांच्या सुधारणेचं काम दिलं. त्यात बर्लिनच्या मोआबिट तुरुंगात त्यांनी एकांत कोठडीची पद्धत उचलून धरली. प्रत्येक कैदी वेगळा, कोणाशी बोलणं नाही. एकट्यानं बसला की माणूस अंतर्मुख होईल, सुधारेल, ही कल्पना. मुलांच्या आश्रमाला भिंत नको म्हणणारा माणूस मोठ्यांसाठी एवढ्या भिंती कशा मागतो, हे कोडं मला सुटलेलं नाही. त्यांच्या 'भावां'ना तिथे पहारेकरी नेमल्यावरून तेव्हाही बराच वाद झाला होता.

कामाच्या ओझ्यानं प्रकृती खचली. पक्षाघाताचे झटके आले. शेवटची काही वर्षं अंथरुणावर, फार त्रासाची गेली. भाषणांनी सभा हलवणाऱ्या माणसाला बोलणंही जड झालं. तेव्हा सांभाळायला आमांडा होतीच. मुलगा योहानेस यानं आश्रमाचं काम हाती घेतलं. मुलगी कॅरोलिन, आजीच्याच नावाची, संगीत शिकवणारी आणि स्वतः गाणी रचणारी झाली. त्या घरात एवढं गाणं असल्यावर नवल नाही. ७ एप्रिल १८८१ रोजी विखर्न गेले. आमांडा त्यानंतर सात वर्षांनी गेली.

चाकाची गोष्ट मात्र पुढे चालू राहिली. १८६० च्या सुमारास त्यावर फरच्या हिरव्या फांद्या बांधायला लागले. आश्रमात तयार झालेले 'भाऊ' जिथे जिथे कामाला गेले तिथे ती रीत गेली. पण घरात चोवीस मेणबत्त्यांचं चाक टांगणार कुठे? म्हणून घरगुती कडं लहान झालं, फक्त रविवारच्या चार मेणबत्त्या उरल्या. ही सगळी प्रॉटेस्टंट घरांतली गोष्ट. १९२५ मध्ये कोलोनच्या एका कॅथलिक चर्चमध्ये असं कडं पहिल्यांदा लागलं आणि मग कॅथलिक मंडळींनीही ते आपलंसं केलं. त्यांच्याकडे तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची एक गुलाबी मेणबत्ती असते. वसईच्या चर्चमध्ये दिसते ती पुष्कळदा हीच.

१९४३ च्या उन्हाळ्यात हॅम्बर्गवर बॉम्बवर्षाव झाला त्यात राउहेस हाऊसच्या बहुतेक इमारती पडल्या. ते जुनं बुटकं घर नंतर पुन्हा बांधलं. संस्था आजही आहे. मुलांसाठी, वृद्धांसाठी, अपंगांसाठी काम करते. आणि तिथे, तसंच शहरातल्या सांक्ट मिखाएलिस या मोठ्या चर्चमध्ये, आगमनकाळात चार नव्हे तर सगळ्या मेणबत्त्यांचं मूळचं चाक लावतात. नाताळ कोणत्या वारी येतो त्यावर आगमनकाळाचे दिवस ठरतात, कमीत कमी बावीस, जास्तीत जास्त अठ्ठावीस. पांढऱ्या मेणबत्त्या दर वर्षी चारच. तांबड्या किती लागतील ते मात्र कॅलेंडर समोर घेऊन दर वर्षी नव्यानं मोजावं लागतं.